कोंबड्याचा काय दोष

नोली, ३ नोव्हेंबर १९६३

तुल्लियो,

तुझे तीन शब्द मिळाले आणि तिन्ही मी समुद्रात फेकले. आईबाप नसलेले शब्द पाठवायला लागलास की काय आता? आपला नियम विसरलास. आधी लॅटिन आई दाखवायची, मग ती वाटेत कशी झिजली ते दाखवायचं, मग ओर्मा बेटावरचं कोणी माणूस तो शब्द कसा बोलतं ते एका वाक्यात लिहायचं. समोरच्याला शब्द पटला तर त्याने ‘छान छान’ करायचं नाही, पुढच्या पत्रात गुपचूप वापरायचा. वापरला, की शब्द बेटावर उतरला. हा नियम तूच केलास, बारा वर्षांचा असताना, छातीला पोटीस बांधून माझ्या घरी अंथरुणावर पडला होतास तेव्हा.

त्या उन्हाळ्यात लॅटिनमध्ये तू सपशेल आपटला होतास आणि तुझे बाबा तुला सुतारकामाला घालायला निघाले होते. मी बटणं विकणारी बाई, मला लॅटिन यायचं ते देवळातल्या मिस्साच्या प्रार्थनेपुरतं. तरी मीच म्हटलं होतं, समज, रोमन लोकांनी मीठ गोळा करायला चार माणसं एका बेटावर सोडली आणि जहाज परत आलंच नाही, तर ती माणसं आज काय बोलत असतील? आता तू तोरिनोला लॅटिन शिकवतोस आणि मलाच बिनबुडाचे शब्द पाठवतोस.

काल तुझ्या बाबांच्या थडग्यावर शेवंती वाहून आले. घरी आल्यावर चण्याच्या पिठाचा फारिनाता केला, सवयीने दोघांचा. फौ आता कंटाळला, रे. हा शब्द तरी आठवतो ना? लॅटिनमध्ये फोकुस म्हणजे चूल. आपल्या इटालियनांनी त्याचा नुसता विस्तव केला. आपल्या बेटाच्या ओर्मी भाषेत मात्र जेवण झाकून वाट बघत बसलेलं माणूस म्हणजे फौ. तेराव्या वर्षी केला होतास. तेवढा चांगला शब्द तुझ्या हातून पुन्हा झाला नाही.

समुद्र आज अगदी स्पेय आहे, आरशासारखा.

तुझी आत्या,
एर्सिलिया


तोरिनो, २४ नोव्हेंबर १९६३

प्रिय आत्या,

उशीर झाला, रागावू नकोस. वसंतात संस्थेतल्या कायम जागेचा निकाल लागेल आणि तो सगळा प्रोफेसर गार्देन्गींच्या हातात आहे. मी सध्या त्यांच्या पुढेमागे करण्यातच असतो.

एक गंमत झाली. परीक्षेच्या कागदांत ओर्मी शब्दांचा एक कागद चुकून गेला आणि नेमका गार्देन्गींच्या हाती पडला. त्यांनी बराच रस घेतला. मी त्यांना तुझ्याबद्दल सांगितलं. ते म्हणाले, बाईंना बोलवा की एकदा. दर शुक्रवारी आमची बैठक असते, तिथे अर्धा तास बोलायचं. येशील? १३ डिसेंबरला, संत लुचियाच्या दिवशी. तिकीट मी पाठवतो.

फार तयारी करू नकोस. आणि एक सांगतो. बेटाबद्दल बोलताना ते खरंच कुठेतरी आहे असंच बोल. तिथली माणसं, बोट, सगळं. लोकांना ते जास्त आवडेल.

तुझा,
तुल्लियो


नोली, १ डिसेंबर १९६३

बाळा,

तुझं पत्र मी उभ्याउभ्याच वाचलं आणि मग खुर्ची शोधली. मी, आणि प्रोफेसरांसमोर! दुकान बंद केल्यापासून मला कोणी काही विचारलेलं नाही. पाद्रीबाबासुद्धा पापं विचारायची सोडून गुडघ्यांची चौकशी करतात.

निळा ड्रेस उसवून मोठा करून घेतला. शब्दांच्या चिठ्ठ्या बिस्किटांच्या डब्यातून काढून टेबलावर मांडल्यात, घरात जेवायला जागा नाही. आधी फियू सांगेन, आपला पहिला शब्द. फिलियुस, मुलगा. ‘लि’चा ‘य’ होतो हे तिथूनच सुरू झालं ना? मग स्पेय. शेवटी फौ.

मासळीवाल्या पालमीराला सांगितलं, माझ्या भाच्याने मला विद्वानांसमोर बोलवलंय. कशाबद्दल ते नाही सांगितलं, ते आपल्या दोघांचं. तिचे डोळे भरून आले. तिची मुलगी सावोनाच्या नोटरीकडे दिल्यापासून महिनोन्महिने फिरकत नाही, त्यामुळे दुसऱ्यांच्या पोरांचं कौतुक तिला जरा जास्तच लागतं. प्रोफेसरांसाठी तिने मुरवलेल्या मासळीची बरणी दिली आहे.

बेट खरं असल्यासारखं का बोलायचं ते नीट कळलं नाही, पण बरं. नाटकात काम केलं असं समजेन. तू म्हणतोस तर विचार करूनच म्हणत असशील.

आत्या


नोली, १६ डिसेंबर १९६३

तुल्लियो,

नीट पोचले. गाडीत पाय सुजले, बाकी काही नाही.

मी तुझी शोभा केली. मला कळतं. गाडी सुटेपर्यंत तू माझ्याकडे बघितलं नाहीस, घड्याळाकडेच बघत राहिलास. दोन दिवस मी मनात सगळं पुन्हा पुन्हा फिरवते आहे आणि दर वेळी कान तापतात.

बरणीचं तेल पिशवीत सांडलं, चिठ्ठ्यांना वास लागला, पुढे बसलेल्या मुलीने नाकाला रुमाल लावला. फौ सांगताना मला भरून आलं, तिथे ही मंडळी हसली. रडक्या बाईला कोण नाही हसणार? मग तुझ्या प्रोफेसरांनी विचारलं, ‘बाई, आपण स्वतः या बेटावर गेला होतात का?’ मला वाटलं, आपलं नाटक चाललंय, उत्तर द्यावं झोकात. म्हटलं, ‘मागच्याच वर्षी! पण बोट फार लागते हो.’ केवढे हसले सगळे! मीही हसले, म्हटलं बाण लागला. मग तुझ्याकडे बघितलं तर तू मान खाली घालून बसलेला, कान लालेलाल. तेव्हा कळलं की माझं कुठेतरी चुकलं.

आणि ते शाईचं. तुझ्या गालावर शाई दिसली आणि हात आपोआपच गेला, रुमाल ओला करून पुसली. इतक्या लोकांत! तू मला ‘सिन्योरा, राहू द्या’ म्हणालास तेव्हा भानावर आले. कामाच्या जागी आत्याबित्या करायचं नसतं हे या वयात मला कळू नये?

असं करू. तुझी जागा पक्की होईपर्यंत शब्द थांबवू. उगाच तुझ्या कागदांत पुन्हा काही सापडायला नको. पत्रं पाठव, शब्द नको. मी डबा कपाटावर ठेवला आहे.

मला माफ कर.

आत्या


तोरिनो, २८ डिसेंबर १९६३

प्रिय आत्या,

असं काय मनाला लावून घेतेस? सगळ्यांना मजा आली. हसले ते कौतुकानेच. गार्देन्गी अजून तुझी आठवण काढतात.

नाताळला येता आलं नाही, कामं होती. सोबत बदामाची चिक्की पाठवतो आहे.

शब्द काही दिवस थांबवायचे म्हणतेस ते कदाचित बरोबरच आहे. मलाही आता वेळ कमी मिळतो.

तब्येत सांभाळ.

तुल्लियो


नोली, १९ जानेवारी १९६४

तुल्लियो,

चिक्की मिळाली. माझ्या दातांना जमली नाही, पालमीराला दिली.

वारा आहे. समुद्र शांत आहे. गुडघे आहेत तसे आहेत. पाद्रीबाबांनी देवळाचं छत दुरुस्त करायला घेतलं आहे.

आणखी काय लिहावं ते सुचत नाही. पूर्वी पत्र पुरायचं नाही.

आत्या


तोरिनो, ९ फेब्रुवारी १९६४

आत्या,

तुझ्या पत्रात ‘समुद्र शांत आहे’ असं लिहिलेलं वाचलं. स्पेय नाही, शांत. ते वाक्य खिशात घेऊन मी हिंडतो आहे.

जागा मला मिळाली. वसंताची वाट बघायची गरजच पडली नाही. ही बातमी तुला आनंदाने सांगायची होती, पण आता जे लिहितो आहे ते वाचल्यावर तुला आनंद होणार नाही.

तू माझी शोभा केली नाहीस. मी तुझी केली.

तो कागद गार्देन्गींना सापडला तेव्हा त्यांनी विचारलं, ‘हा काय पोरखेळ?’ अक्षर माझं होतं, शब्द माझे होते. मी म्हणालो, ‘माझं नाही. नोलीला ओळखीची एक म्हातारी आहे, तिला वाटतं असं बेट खरंच आहे. तिचं मन राखायला मी लिहून घेतो.’ ओळखीची, म्हणालो. त्यांनी तुला बोलवलं ते माझ्या या थापेमुळे. बेट खरं मानणारी बाई त्यांना बघायची होती. आणि थाप उघडी पडू नये म्हणून मी तुला तसं बोलायला सांगितलं. तू नाटक समजलीस. त्यांच्या लेखी नाटक नव्हतंच.

तू शाई पुसलीस तेव्हा शेजारच्याने विचारलं, ‘तुझी कोणी लागते का रे?’ मी म्हणालो, ‘छे, ती सगळ्यांशीच अशी वागते.’

आणि परवा. माझ्या नेमणुकीचं जेवण होतं. गार्देन्गींनी तुझी नक्कल केली आणि म्हणाले, ‘तुल्लियो, तू कर, तुला नोलीचा हेल येतो.’ आत्या, मी उभा राहिलो आणि केली. ‘बोट फार लागते हो,’ अगदी तुझ्या आवाजात. लोक हसून हसून टेबलावर पडले. ज्या आवाजात तू मला बारा वर्षांचा असताना औषध पाजायचीस, तोच आवाज. मला इतकी लाज कधी वाटली नाही.

तीन वेळा नाकारलं. पेत्राचीच गोष्ट झाली. प्रभूला पकडून नेल्यावर पेत्राने तीनदा सांगितलं, मी या माणसाला ओळखत नाही, आणि कोंबडा आरवला. म्हणून शब्द करतो आहे. तुझी हरकत असेल तर फेकून दे.

गालार. आई: गाल्लुस, कोंबडा. अर्थ: आपल्या माणसाला लोकांदेखत ओळख न देणं. वाक्य: मी गालार केलं.

माफी मागायचं तोंड मला नाही.

तुल्लियो


नोली, २ मार्च १९६४

तुल्लियो,

तीन आठवडे उत्तर दिलं नाही, कारण दिलं असतं तर त्यात असे शब्द आले असते ज्यांची लॅटिन आई मिस्सात नसते.

दोन महिने मी घरातल्या घरात तोंड लपवून वागले. त्या बरणीचं झाकण नीट का लावलं नाही म्हणून पालमीरावर खेकसले, तिचा काही संबंध नसताना. आणि तू चिक्की पाठवलीस! तुझी चूक मी आपली समजून धूत बसले होते आणि तू बघत होतास. हे मला सगळ्यात लागलं.

हसण्याचं म्हणशील तर दुकानात मी जन्मभर लोकांची हसणी गिळली. म्हातारी म्हणालास, तर आहेच. पण मला बेट खरं वाटतं असं सांगितलंस? मला? अरे, ते बेट नाही हे मला रोज सकाळी खिडकी उघडली की दिसायचं. तिथे नुसतं पाणी आहे. तिथे काही नाही हे ठाऊक असून आपण दोघं इतकी वर्षं तिथे माणसं वसवत होतो, म्हणून तर ते आपलं होतं. वेड्या बाईला ते जमलं नसतं. त्याला शुद्धीवर असावं लागतं.

आता तुझा शब्द. परत पाठवते.

कोंबड्याचा काय दोष? तो बिचारा पहाट झाली म्हणून आरवला. त्या अख्ख्या आवारात खरं बोलला तो एकटाच. आणि तू पापाचं खापर त्याच्या डोक्यावर फोडलंस! पुन्हा तेच. तुझ्या कागदाचं ओझं माझ्यावर टाकलंस, तुझ्या लाजेचं कोंबड्यावर. विद्वान झालास, पण दर वेळी दुसऱ्यालाच पुढे करतोस.

ज्याने केलं त्याच्या नावावरून शब्द कर. करता येत नसेल तर लिहूच नकोस. आणि तो कागद कोणाचा होता ते जिथे खोटं सांगितलंस तिथेच जाऊन सांग. माझ्याजवळ सांगून काय उपयोग? मी काही हसले नव्हते.

एर्सिलिया


तोरिनो, १४ मार्च १९६४

आत्या,

काल शुक्रवार होता. बैठकीत सगळे बसल्यावर मी उभा राहिलो. म्हणालो, डिसेंबरात इथे आलेल्या बाई माझ्या सख्ख्या आत्या आहेत. बेट नाही हे त्यांना तुमच्याआधी ठाऊक आहे. त्यांनी खरं असल्यासारखं बोलावं असं मी त्यांना सांगितलं होतं. भाषा आम्हा दोघांची आहे, सापडलेला कागद माझा. आणि ज्या शब्दावर तुम्ही सगळ्यात जास्त हसलात तो फौ मी केलेला आहे, आजारी होतो त्यानंतरच्या वर्षी, तिच्या स्वयंपाकघरात बसून. मला लॅटिन आलं ते त्या स्वयंपाकघरात.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ती रुमालवाली मुलगी खाली बघत राहिली. गार्देन्गी चष्मा पुसत म्हणाले, ‘नेमणूक झाल्यावर सांगितलंत, हे बरं केलंत.’ खरं तेच बोलले. माझं त्यात काहीच गेलं नाही, आणि हे मला आता प्रत्येक पगाराला आठवेल.

नवा शब्द.

तुयार. आई: तुल्लियुस, माणसाचं नाव. ‘लि’चा ‘य’, फियूमध्ये झाला तसाच. अर्थ: आपल्या माणसाला लोकांदेखत ओळख न देणं. वाक्य: ओर्मावरच्या आया मुलांना सांगतात, वाटेल ते कर, पण तुयार करू नकोस.

हा शब्द बेटावर उतरला तर माझं नाव तिथे कायम याच अर्थाने राहील. राहू दे. तू वापरला नाहीस तरी मी समजेन.

तुल्लियो


नोली, २३ मार्च १९६४

तुल्लियो,

कार्डावर लिहिते आहे, तेव्हा थोडक्यात.

आज सकाळी पालमीराची मुलगी सासरच्या मंडळींबरोबर धक्क्यावर फिरायला आली होती. आई समोरच मासे साफ करत बसलेली. मुलीने बघितलं, मान वळवली आणि दुकानांच्या काचा बघत पुढे निघाली. पालमीरानेही आपलं खाली मान घालून सुरी चालवली. मी खिडकीत होते. नोलीत आजवर ओर्मीतलं एक अक्षर मी कोणासमोर काढलेलं नाही. पण तोंडातून निघूनच गेलं. ओरडले, ‘ए पोरी! आईला तुयार करतेस होय गं?’

तिला तो शब्द कसला कळतोय? पण थांबली. लाल झाली. मग परत फिरली आणि सासूच्या देखत आईच्या गळ्यात पडली. चांगल्या कोटाला सगळे खवले लागले.

पालमीरा नंतर विचारत होती, तो शब्द कुठला गं? मी म्हटलं, माझ्या भाच्याचा आहे.

डबा कपाटावरून खाली काढला आहे. ईस्टरला ये. फारिनाता दोघांचा करते.

फौ